स्टेनोचं एक वाक्य

आमचे आजोबा टीव्हीवर होते. हे मी नववीच्या वर्गात सांगितलं तेव्हा मागच्या बाकावरून आवाज आला, "टीव्हीवर म्हणजे? धूळ पुसायला?"

सगळा वर्ग खो खो हसला. आठवीतली मी असते तर बाकाखाली शिरले असते. पण मधल्या काळात मी वक्तृत्व स्पर्धेत दुसरी आले होते, आणि दुसऱ्या आलेल्या माणसाला कसलीच भीती नसते. (पहिल्या आलेल्याला पुढच्या वर्षीची असते.) मी मागे वळून म्हटलं, "टीव्हीवर नाही, टीव्हीत. कोर्टात. डाव्या कोपऱ्यात, पाण्याच्या जगमागे."

त्या काळी टीव्हीवर संध्याकाळचे मोजके तास कार्यक्रम असायचे आणि दर गुरुवारी सात वाजता कोर्ट भरायचं. मालिकेचं खरं नाव लांबलचक आणि भारदस्त होतं, पण ते कुणाच्या लक्षात राहिलं नाही. सगळे म्हणायचे, गुरुवारचं कोर्ट. एक जज्ज, दोन वकील, एक आरोपी, आणि खटला बरोब्बर दोन गुरुवारांत निकाली. आजोबा सांगतात, खऱ्या कोर्टातल्या लोकांना त्याचा फार हेवा वाटायचा.

सगळं थेट. म्हणजे इकडे वकील शिंकला की तिकडे घराघरात शिंकला. पुन्हा घेणं नाही, कापाकापी नाही आणि जपून ठेवणं तर नाहीच नाही. आठ वाजता संपलं की संपलं, विहिरीत खडा टाकल्यासारखं.

आजोबा खऱ्या कोर्टात स्टेनो होते. म्हणजे कोर्टात जो जे बोलेल ते शॉर्टहँडमध्ये झरझर लिहून घ्यायचं. दिग्दर्शक एकदा खरं कोर्ट कसं दिसतं ते बघायला आले आणि आजोबांना बघून म्हणाले, "वा! हा माणूस किती खरा वाटतो!"

"मी खराच होतो," आजोबा अजून सांगतात, जरा दुखावल्यासारखे.

मग दिवसा खरं कोर्ट आणि गुरुवारी संध्याकाळी खोटं. दिग्दर्शकांनी बजावलं होतं, "काही करायचं नाही. नुसती पेन्सिल फिरवायची." पण ज्याला लिहिता येतं त्याला नुसती पेन्सिल कशी फिरवता येईल? पोहता येणाऱ्याला सांगा बरं, नुसता बुडून दाखव. आजोबा सगळं लिहायचे. जज्ज, वकील, साक्षीदार, सगळ्यांचं. पडद्यामागून वाक्यं सांगणारे एक काका होते, त्यांची कुजबुजसुद्धा. "जे कानावर पडलं ते कागदावर पडलं," असं आजोबांचं म्हणणं.

त्या स्टुडिओची मला इतकी माहिती आहे की मी तिथे राहून आल्यासारखी बोलते. दिवे इतके तापायचे की जज्जच्या गालावरची पावडर निकालापर्यंत कॉलरवर यायची. कोर्टाची भिंत प्लायवूडची होती, दार जोरात लागलं की न्यायव्यवस्था थरथरायची. जज्जचं टेबल आतून पोकळ होतं, हातोडा मारला की खोकं वाजल्यासारखा आवाज. मग त्यावर पुठ्ठ्याची जाड वही ठेवली. मागच्या बाजूला सगळे अनवाणी चालायचे, बुटांचा आवाज नको म्हणून. त्यामुळे अंगात काळा कोट, गळ्यात पांढरी पट्टी आणि खाली उघडे पाय असे वकील तिथे इकडून तिकडे फिरायचे. जज्ज झालेले गृहस्थ एरवी शाळेत भूमिती शिकवायचे. रागावले की न्यायासनावरून त्यांच्या तोंडून निघून जायचं, "काय रे, मागे बघू नकोस!"

ही आजोबांकडची बाजू. आजीची बाजू वेगळी आहे. तिचं तेव्हा नुकतंच लग्न झालं होतं आणि टीव्ही फक्त पहिल्या मजल्यावरच्या बाईंकडे होता. गुरुवारी त्यांच्या दाराशी चपलांचा ढीग. आजी खिडकीपाशी बसायची, हातात विणकाम.

"बाकीचे आरोपीकडे बघायचे," ती सांगते, "मी त्या जगकडे. जगच्या मागे अर्धा कान आणि एक कोपर दिसायचं. मी ओळखायचे. कोपर हललं की मला बरं वाटायचं."

तर असं हे कोपर मालिकेत वर्षभर हललं. आणि मग ते वाक्य आलं.

आमच्या घरात त्याला नुसतं "वाक्य" म्हणतात. आजोबांचं म्हणणं असं की त्यांच्या शेवटच्या गुरुवारी ते उभे राहून एक वाक्य बोलले आणि त्या वाक्यानं आरोपी सुटला. ते ऐकलं कुणी? कुणीच नाही. बाबा जन्मायचे होते. आणि आजी पहिल्या मजल्यावर खिडकीपाशी बसली होती हे खरं, पण नेमकी त्याच वेळी अख्ख्या इमारतीची वीज गेली. परत आली तेव्हा शेवटचं संगीत वाजत होतं.

"पन्नास वर्षं ऐकतेय मी हे," आजी म्हणते. "गल्लीतला दिवा बंद होता असं सांगायला उठले म्हणे, आणि आमचाच दिवा घालवला!"

 आजोबा फार कमी बोलतात. पस्तीस वर्षं दुसऱ्यांचं लिहून घेतलं, मग सवय लागते. मीही पूर्वी अशीच होते. आई मला "मौनीबुवा" म्हणायची. आता म्हणते, "लाउडस्पीकर, जरा हळू." मला आपलं वाटायचं, माझी मुकी वर्षं आजोबांसारखी आहेत, तर त्यांचं ते एक वाक्य तरी खरं असावं.

आणि मग पेपरात ती बातमी आली. टीव्ही केंद्राला पन्नास वर्षं झाली म्हणून जुन्या स्टुडिओत गुरुवारच्या कोर्टाचा सेट पुन्हा उभारणार होते आणि भिंतीवर पितळी पाटी लावून तिच्यावर मालिकेतल्या कलावंतांची नावं कोरणार होते. मी कुणाला न विचारता फोन लावला.

"नमस्कार, माझे आजोबा गुरुवारच्या कोर्टात होते!"

"आरोपी होते का?" पलीकडच्या मॅडम थकलेल्या आवाजात म्हणाल्या.

"नाही."

"बरं झालं. आत्तापर्यंत अकरा आरोपी होऊन गेलेत. त्यातले दोघं एकाच खटल्यात."

"आजोबा स्टेनो होते."

"हं. बाळ, असं आहे, पाटीवर फक्त पडद्यावर बोललेले लोक घ्यायचे ठरलंय. नुसते बसलेले घेतले तर भिंत पुरायची नाही."

"पण ते बोललेत. एक वाक्य!"

"पुरावा आहे का काही? टेप नाही, ते मला माहितीये, कुणाचीच नाही. पण त्या वेळचा एखादा कागद? येत्या शुक्रवारी चार वाजता यादी कोरायला जाते. त्याच्या आत आण."

चहाच्या वेळी मी हे जाहीर केलं. आजोबा कपात बघत म्हणाले, "कशाला उगाच. माझं नाव दारावर आहे की."

"अहो, दारावर आपलं आडनाव आहे," आजी म्हणाली. "ते तर माझंही आहे."

आजोबा हसले आणि विषय संपला असं मला वाटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी दप्तर भरत होते तेव्हा ते माझ्याकडे न बघता, जणू भिंतीला सांगितल्यासारखं म्हणाले, "वह्या माळ्यावर पत्र्याच्या पेटीत आहेत." आणि मी बघितलं तर त्यांनी रविवारचा सदरा काढून खुर्चीच्या पाठीवर टाकला होता. शुक्रवार अजून सहा दिवसांवर होता.

पेटीत नऊ वह्या होत्या, वरून उलटायच्या, नाडीनं बांधलेल्या. शेवटची वही मी उघडली आणि माझा लाउडस्पीकर एकदम बंद पडला. पानंच्या पानं नुसत्या रेघा, बाक, ठिपके, गाठी. कोंबडी शाईत पाय बुडवून शाळेत गेल्यासारखी.

"वाचा ना आजोबा."

त्यांनी वही डोळ्यांपासून लांब धरली, जवळ धरली, खिडकीपाशी नेली. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. ऑपरेशन पुढच्या महिन्यात. "पान दिसतंय," ते म्हणाले. "पानावरचं दिसत नाही."

बाबांच्या फोनवर फोटो काढून मोठा केला. काही उपयोग नाही, धुकंच मोठं झालं. मी जाड मार्करनं एक खूण कागदावर वहीएवढी काढली. ते म्हणाले, "ही रेघ जाड आहे की बारीक?" मला काय माहीत! मार्करला सगळ्याच जाड. आणि शॉर्टहँडमध्ये म्हणे सगळं त्यावरच असतं. तीच रेघ बारीक काढली तर एक अक्षर, दाबून काढली तर दुसरं.

"दुसरा कुणी स्टेनो शोधू या?" आई म्हणाली.

"दुसऱ्याचं शॉर्टहँड वाचणं म्हणजे दुसऱ्याला पडलेलं स्वप्न सांगणं," आजोबा म्हणाले. "वेगात लिहिलेलं ज्याचं त्यालाच कळतं." मग त्यांनी आपला उजवा हात, तळवा वर करून, माझ्यापुढे ठेवला. "इथे काढ. बोटानं. जाड असेल तिथे दाब."

आणि जमलं! मी वहीत बघून एक खूण त्यांच्या तळव्यावर काढायचे, ते डोळे मिटून क्षणभर थांबायचे आणि शब्द सांगायचे. मी डाव्या हातानं तो माझ्या वहीत लिहायचे. (मी डावरी आहे. आयुष्यात पहिल्यांदा उपयोग झाला.) सुरुवातीला त्यांना गुदगुल्या व्हायच्या आणि साक्ष अर्ध्यावर थांबायची.

"या वयात हातावर काय लिहून घेताय?" आजी आतून ओरडली. "कॉपी करायचीय का परीक्षेत?"

"अगं, गप्प, कोर्ट चालू आहे!"

आजोबा आजीला गप्प म्हणाले! आम्ही तिघंही दचकलो.

रोज शाळेतून आले की हातपाय धुऊन मी कोर्टात हजर. सोमवारी पहिला गुरुवार वाचून झाला, म्हणजे खटल्याचा अर्धा भाग. एका गोदामात चोरी झालेली असते आणि आरोप रखवालदारावर असतो, की यानंच आतून दार उघडलं. समोरच्या दुकानातला शिंपी साक्ष द्यायला येतो. कधी नाही ते आजोबा आवाज बदलून वाचत होते. शिंप्याचा नाकातला, वकिलाचा घशातला, जज्जचा खडूसारखा कोरडा. मधूनच कुजबुजून "डावीकडे सरका, सावली पडतेय" असंही यायचं, कारण तेही वहीत होतं. शिंपी बोलता बोलता सांगून जातो, गल्लीतला दिवा चोरीच्या आधी तीन दिवसांपासून बंद आहे, त्यामुळे हल्ली दुकान लवकर बंद करतो. दिव्याची खूण मला तेव्हाच पाठ झाली. एक जाड उभी रेघ आणि तिच्या पायाशी जाड बाक. आजोबा म्हणाले, "हा शब्द लक्षात ठेव, सगळा खटला यावर आहे."

मंगळवारी दुसरा गुरुवार सुरू झाला. आता तोच शिंपी शपथेवर सांगतो की चोरीच्या संध्याकाळी दिव्याच्या उजेडात आपण रखवालदाराला दार उघडताना बघितलं. म्हणजे खोटं! बचावाच्या वकिलांनी इथे त्याला पकडायचं, मागच्या गुरुवारची आठवण करून द्यायची, दिव्यावरून उलटतपासणी घ्यायची आणि मग जज्जनी रखवालदाराला सोडायचं, असं ठरलेलं होतं.

बुधवारी आम्ही त्या जागी पोचलो. मी एकेक खूण काढत होते, आजोबा वाचत होते.

"वकील: हं… तर… हं… आपण शिंपी आहात.

"शिंपी: हो.

"वकील: हं.

"कुजबुज: दिवा. दिव्याचं विचारा.

"वकील: म्हणजे… कपडे शिवता.

"कुजबुज: अहो, दिवा!

"जज्ज: बचाव पक्षाला आणखी काही विचारायचं आहे?

"वकील: नाही, महाराज."

आजोबांनी डोळे उघडले. "बघ. पाटी कोरी झाली त्याची. भला माणूस होता, पण स्टुडिओतल्या दिव्यांकडे बघितलं आणि सगळं विसरला. अख्खं पाऊण पान गिळलं. आता जज्जपुढे फक्त निकाल उरला आणि रखवालदाराला सोडायला कारणच नाही! सगळं घराघरात चाललंय. जज्ज माझ्याकडे बघतायत, मी जज्जकडे. आणि मागच्या गुरुवारची जबानी माझ्या हातातल्या वहीत आहे, चार पानं मागे. मी विसरलो गं, की हे नाटक आहे. मला वाटलं, एक निरपराध माणूस आत जातोय." त्यांनी हात पुन्हा पुढे केला. "काढ. पुढे माझं वाक्य असेल."

मी बघितलं. "नाही, महाराज" नंतर ओळ संपली होती. खाली पान संपेपर्यंत दोन बोटं जागा. कोरी.

"काय झालं?"

"आजोबा… पुढे काहीच नाही. पान कोरं आहे."

त्यांचा हात तसाच राहिला थोडा वेळ. मग त्यांनी तो मागे घेतला.

"बरोबर आहे," ते हळूच म्हणाले. "मी कसा लिहिणार? मी उभा राहून वाचत होतो. पेन्सिल कानावर होती." थोड्या वेळानं म्हणाले, "आणि स्टेनोचं बोलणं लिहायची पद्धतच नाही. तो बोलतच नाही ना."

त्यांनी वही मिटली, नाडी बांधली, आणि खुर्चीवरचा रविवारचा सदरा परत कपाटात नेऊन ठेवला. त्या दिवशी आजीनं एकही चेष्टा केली नाही. त्यावरून मला कळलं की प्रकरण गंभीर आहे.

गुरुवारी शाळेत माझं लक्ष नव्हतं. भूमितीच्या सरांनी विचारलं, हे सिद्ध कसं करशील, आणि मी म्हटलं, "कागदच नाहीये, सर." घरी आले, कुणाला न सांगता वही काढली. म्हटलं, निदान ते कोरं पान तरी नीट बघावं. बघितलं. मग सहज पुढचं पान उलटलं. बुधवारी आम्ही ते उलटलंच नव्हतं.

दुसऱ्याच ओळीत एक जाड उभी रेघ आणि पायाशी जाड बाक.

मला शॉर्टहँड येत नाही. पण तो एक शब्द मी त्या हातावर पंधरा वेळा काढला होता. जरा खाली तो पुन्हा होता. मी ओरडत बाहेर गेले. आजोबा रेडिओ ऐकत होते, मी रेडिओच बंद केला.

"आजोबा, मला सांगा, वकिलांनी दिव्याचं विचारलं?"

"नाही. तोच तर घोळ."

"शिंपी आपणहून बोलला?"

"तो कशाला बोलेल? खोटं बोलत होता तो."

"जज्जना काय दिव्याचं स्वप्न पडलं होतं?"

"काय चाललंय तुझं?"

"मग पुढच्या पानावर दिवा आला कुठून? दोनदा आलाय! कुणीतरी मध्ये दिव्याचं बोलल्याशिवाय येईल का? बोला, साक्षीदार!"

 आजोबांनी हात पुढे केला, तळवा वर. मी तो माझ्या मांडीवर घट्ट धरला आणि काढायला लागले. ते वाचायला लागले.

"जज्ज: स्टेनो, खाली बसा.

"जज्ज: नाही, थांबा. उभे राहा. दिव्याचं काय म्हणालात? पुन्हा वाचा."

इथे पुन्हा कोरी जागा. म्हणजे ते पुन्हा वाचत होते!

"जज्ज: काय रे, शिंप्या, दिवा बंद होता तर तुला हा दिसला कसा?

"शिंपी: मी… मी नुसता शिंपी आहे हो.

"कुजबुज: संगीत! कुणीतरी संगीत द्या!

"जज्ज: आरोपी निर्दोष."

"आहे!" मी किंचाळले. "स्टेनो! स्टेनो म्हणालेत! पुन्हा वाचा म्हणालेत! आधी बोलल्याशिवाय पुन्हा कसं होईल?"

 आजोबांचे डोळे मिटलेलेच होते, कडांना ओले. दारात आजी उभी होती, हातातलं फडकं तसंच धरून. कधीपासून ऐकत होती कोण जाणे.

"अहो," ती म्हणाली, "जज्जनी तुम्हाला आधी खाली बसा म्हटलं?"

"…हो."

"हे पन्नास वर्षांत कधी बोलला नाहीत!"

"ते काय सांगण्यासारखं होतं?"

"म्हणजे खरंच बोललात तुम्ही," आजी म्हणाली आणि पदरानं त्यांच्या तळव्यावरची माझ्या न धुतलेल्या बोटाची शाई पुसायला लागली.

शुक्रवारी अर्धी सुट्टी काढून आम्ही तिघं केंद्रात गेलो. आजोबा रविवारच्या सदऱ्यात. मॅडमनी वही उलटसुलट करून बघितली, माझं लिहिलेलं वाचलं आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "हे तू मनानं लिहिलेलं नाहीस कशावरून?"

राग आला, पण प्रश्न बरोबर होता. त्यांनी कपाटातून एक पिवळी पडलेली फाइल काढली. त्या काळच्या खटल्यांच्या टंकलिखित संहिता त्यांच्याकडे होत्या. वहीतलं मधलंच एक पान उघडून त्या म्हणाल्या, "हे वाच." मी आजोबांच्या हातावर काढलं, आजोबांनी वाचलं, मॅडम फाइलवर बोट ठेवून ऐकत राहिल्या. शब्दाला शब्द जुळला. एके ठिकाणी जुळला नाही, तिथे आजोबा म्हणाले, "तिथे तो चुकला होता." मग मॅडमनी रखवालदाराचा खटला काढला. त्यात उलटतपासणीचं पाऊण पान होतं, आणि वहीत नव्हतं.

"हे पाऊण पान गिळल्यावर तुम्ही सगळे निकालापर्यंत पोचलात कसे?" त्या हळूच म्हणाल्या. मग त्यांनी पेन उचललं आणि यादीच्या तळाशी आजोबांचं नाव लिहिलं. घड्याळात सव्वातीन झाले होते. "पण वाक्य काय होतं नेमकं? तेच तर वहीत नाही."

सेट शेजारच्याच स्टुडिओत उभा होता. नवा रंग, पण जज्जचं टेबल तेच जुनं. मी ठोकून बघितलं, खोकंच. डाव्या कोपऱ्यात छोटं टेबल, त्यावर पाण्याचा जग. आजोबांना तिथे न्यावं लागलं नाही. चपला काढून, मोजत असल्यासारखी सात पावलं टाकून ते बरोबर त्या खुर्चीशी गेले आणि बसले. आजीला साक्षीदाराच्या पिंजऱ्याशेजारी खुर्ची दिली. मॅडम न्यायासनावर चढल्या, म्हणाल्या, "बचाव पक्षाला आणखी काही विचारायचं आहे?"

"नाही, महाराज!" मी म्हटलं. वकील मीच.

आजोबा उठले. वही हातात धरली, दिसत नव्हती तरी. पेन्सिल नसलेल्या कानाला एकदा हात लावला आणि म्हणाले,

"महाराज, मागच्या गुरुवारच्या जबानीत साक्षीदारानं सांगितलं आहे, दिवा बंद होता."

आवाज मोठा नव्हता. पण त्या रिकाम्या स्टुडिओत तो सगळीकडे पोचला.  पन्नास वर्षांनी आजीनं ते ऐकलं, आणि ती आता काय म्हणते म्हणून आम्ही सगळे तिच्याकडे बघत राहिलो.

"एवढंच?" आजी म्हणाली.

मॅडम इतक्या हसल्या की हातोडा खाली पडला. आजोबाही हसले, जगला धरून.

परत येताना मी त्यांना म्हटलं, त्या कोऱ्या जागेत मी तुमचं वाक्य लिहू का, शाईनं, छान अक्षरात? त्यांनी वही छातीशी धरली. "नोंदीत मागाहून काही घालायचं नसतं," ते म्हणाले. "कोरं आहे ते कोरंच बरं. तिथे मी बोलत होतो." त्या गुरुवारनंतर दिग्दर्शकांनी त्यांच्या जागी एक नट बसवला होता, नुसती पेन्सिल फिरवणारा. आजोबा तेव्हा पहिल्या मजल्यावर आजीशेजारी बसून बघायचे. "तो पान न उलटता तासभर लिहायचा," ते अजून हळहळतात.

आम्ही इमारतीत पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती, पण आमच्या जिन्यात दिवेलागण नव्हती. तिथला बल्ब तीन आठवडे गेलेला आहे आणि बाबा तीन आठवडे "उद्या लावतो" म्हणतायत. आजीनं आजोबांचा हात धरला. दोघं चाचपडत पहिल्या वळणापर्यंत चढले आणि आजी थांबली. अंधारात तिनं घसा साफ केला.

"महाराज," ती म्हणाली, "दिवा बंद आहे."

आजोबा कठड्याला धरून उभे राहिले. मला दिसत नव्हते, पण हसतायत हे कळत होतं.

"पुन्हा वाचा," ते म्हणाले.

आणि आजीनं पुन्हा वाचलं, चारही मजल्यांना ऐकू जाईल असं.